विश्लेषण : कट मारून गेलेल्या गाडीला ‘अद्दल’ घडवायला निघालात? आधी हे गणित पाहा

‘गाडीचा नंबर सांगा.’ चौकीतल्या हवालदारांनी एवढंच विचारलं आणि मला तो सांगता आला नाही. पांढरी एसयूव्ही, मागच्या काचेवर मोठं स्टिकर, उजवा टेललाइट फुटलेला, हे सगळं मी धडाधड सांगितलं. नंबर मात्र आठवेना. त्या गाडीच्या मागे मी जवळपास तीन किलोमीटर लागलो होतो, आणि तरीही.

झालं होतं असं. कोथरूडहून धायरीला घरी निघालो होतो, मागे धाकटी बहीण. रात्रीचे साडेनऊ. वारज्यात बायपासला लागलो आणि उजवीकडून एक एसयूव्ही इतक्या जवळून कट मारून पुढे गेली की माझा उजवा आरसा आत वळला. बहीण किंचाळली. मी ब्रेक मारला, गाडी सावरली आणि मग जे करायला नको होतं तेच केलं. ॲक्सिलरेटर पिळला. ‘दादा, सोड ना, जाऊ दे त्याला,’ असं ती दोनदा म्हणाली. मला ऐकू आलं होतं. वडगाव पुलाच्या अलीकडे वाहतूक तुंबली होती. तिथे त्याला गाठलं, त्याच्या डाव्या बाजूला गाडी घातली आणि उजवा हात वर करून तोंडाला येईल ते बोललो. त्याने स्टेअरिंग डावीकडे दाबलं. माझं हँडल त्याच्या दाराला घासलं आणि आम्ही दोघं पडलो. वेग २५ च्या आसपास असेल. माझं कोपर सोलवटलं. बहिणीचं डावं मनगट मोडलं, त्यात प्लेट बसवावी लागली. मागून येणारा टेम्पो वेळेत थांबला म्हणून हा लेख लिहायला मी इथे आहे. एसयूव्ही अर्थातच थांबली नाही.

मी मेकॅनिकल इंजिनीअर. चार वर्षं वेग, संवेग आणि घर्षणाची गणितं सोडवली. त्या तीन किलोमीटरमध्ये त्यातलं एकही आठवलं नाही. नंतर प्लॅस्टर घातलेल्या बहिणीला रोज कॉलेजला सोडायला रिक्षा बघताना सगळं आठवलं. तेच इथे मांडतोय.

प्रश्न किती मोठा?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात दुचाकीवरचे होते ७४ हजार ८९७, म्हणजे साडेचव्वेचाळीस टक्के. भागाकार केला तर रोज दोनशेहून अधिक. हे सगळे कुणाच्या तरी आक्रमक ड्रायव्हिंगचे बळी नव्हते, हे खरंच. काही घसरून पडले, काही स्वतःच भरधाव होते, अनेकांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. पण रस्त्यावरच्या कुठल्याही झटापटीत सर्वात कमी संरक्षण कुणाला आहे, ते या आकड्यात दिसतं.

आणि एक कबुली आधीच दिलेली बरी. आक्रमक चालक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चारचाकीवालाच येतो. राँग साइडने येणारे, फुटपाथवर गाडी चढवणारे, सिग्नलला झेब्रा पट्ट्यांवर जाऊन उभे राहणारे बहुतेक आपल्यातलेच असतात. पुण्यात हेल्मेटसक्तीला कोणी आणि किती वर्षं विरोध केला, हे वेगळं सांगायला नको.

समोरचा मुद्दाम अंगावर येतो का?

कधी कधी, हो. पण आपल्याला वाटतं तितक्या वेळा नाही. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले संशोधक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ मध्ये आलेला तो अहवाल आजही या विषयातला पाया मानला जातो. ज्या अपघातांत दुसरं वाहन होतं, त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश घटनांमध्ये दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलला तिची वाट दिली नव्हती. कारण शोधलं तेव्हा वारंवार एकच उत्तर पुढे आलं : त्याला मोटारसायकल दिसलीच नाही, किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता. अहवालातली आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. निम्म्या अपघातांत अपघाताच्या आधीचा मोटारसायकलचा वेग ताशी ४८ किलोमीटरपेक्षाही कमी होता. म्हणजे आपला रोजचाच वेग.

न दिसण्याची कारणं साधी आहेत. दुचाकी समोरून पाहिली तर अरुंद. माणसाचा मेंदू लहान दिसणारी वस्तू लांब आहे असं धरून चालतो, त्यामुळे तुम्ही येऊन पोहोचायला अजून वेळ आहे असा समोरच्याचा अंदाज होतो आणि तो खुशाल वळण घेतो. त्यात कारच्या काचेच्या कडेचा खांब अख्खी मोटारसायकल झाकू शकतो. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालूच राहतो, तो याचसाठी. सुरुवातीला रस्त्यावर प्रत्येक जण हाताची बोटं उघडझाप करून ‘दादा, लाइट चालू आहे’ असं सांगायचा, ते आठवत असेल. लाइट चुकून राहिलेला नव्हता. तुम्ही दिसावं म्हणून कंपनीने तो बंद करायची सोयच ठेवली नव्हती.

हे सांगायचं कारण, कट बसला की पहिल्या क्षणी डोक्यात येतं ‘याने मुद्दाम केलं’. राग त्या ‘मुद्दाम’मुळे चढतो. माझ्या एसयूव्हीवाल्याने पहिल्यांदा कट मारला तेव्हा त्याने मला पाहिलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. दुसऱ्यांदा, वडगावच्या अलीकडे, त्याने नक्की पाहिलं होतं. त्याला दिसावं म्हणून मीच तर तिथे गेलो होतो.

धडकेचं गणित काय सांगतं?

एक साधारण एसयूव्ही माणसांसकट १,८०० किलोची धरा. १५० सीसीची मोटारसायकल आणि दोन माणसं मिळून २७० किलो. दोन्ही एकमेकांना भिडतात तेव्हा दोघांवर बळ सारखंच लागतं, पण वेगातला बदल वजनाच्या उलट प्रमाणात वाटला जातो. म्हणजे त्याच्या वेगात ताशी एक किलोमीटरचा फरक पडला तर तुमच्या वेगात साडेसहा ते सात किलोमीटरचा. त्याला रस्त्यातला खड्डा वाटेल एवढ्या धक्क्यात तुम्ही आडवे होता. शिवाय त्याच्या गाडीला चार चाकं आहेत, ती उभी राहायला कुणी तोल सांभाळावा लागत नाही.

आता हातांचा हिशेब. मोटारसायकलवर उजव्या हातात ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक असतो. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबण्याची ताकद प्रामुख्याने पुढच्या ब्रेकमध्ये असते. (‘पुढचा ब्रेक मारू नकोस, पडशील’ हे आपल्याकडे प्रत्येक काका शिकवतात. वळताना किंवा वाळूवर ते ठीक. सरळ कोरड्या रस्त्यावर ते शिकवणं धोक्याचं आहे.) मी त्याच्या खिडकीशी जाऊन उजवा हात हलवून शिव्या देत होतो, याचा अर्थ माझा सर्वात महत्त्वाचा ब्रेक मी हवेत धरला होता. डावा हात क्लचवर, मागे बहीण, उजवीकडे पावणेदोन टन लोखंड. परीक्षेत असा प्रश्न आला असता तर ‘दिलेली परिस्थिती अव्यवहार्य आहे’ असं लिहून मोकळा झालो असतो.

थांबायला किती अंतर लागतं, तेही पाहा. ताशी ६० वेगाने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत चांगल्या चालकाचाही एक सेकंद जातो. पुढे कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक लागला तर आणखी २३-२४ मीटर. एकूण चाळीसेक मीटर. वेग ८० केला तर तेच अंतर साठ मीटरच्या पुढे जातं, कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. रागात आपण तीन गोष्टी एकदम करतो : वेग वाढवतो, त्याच्या मागचं अंतर कमी करतो आणि नजर त्याच्याच गाडीवर खिळवतो. तिसरी सर्वात वाईट. दुचाकी नजर जाते तिकडे वळते, आणि एका गाडीच्या मागच्या काचेवर खिळलेल्या नजरेला पुढचा खड्डा, कडेने येणारी स्कूटर किंवा रस्ता ओलांडणारा माणूस दिसत नाही. मला स्टिकर आठवतं आणि नंबर आठवत नाही, ते यामुळेच.

मागे चिकटलेल्या गाडीचं काय करायचं?

रोजच्या प्रवासात सर्वात जास्त छळणारा हाच प्रकार. बायपासवर किंवा नगर रस्त्यावर तुम्ही तुमच्या वेगाने चाललाय आणि आरशात एक गाडी मोठी मोठी होत येते. अप्पर-डिपर, हॉर्न, पुन्हा अप्पर-डिपर. दोन मोह होतात. एक, आणखी पळवायचं. दुसरा, मुद्दाम हळू करायचं किंवा ब्रेकला झटका द्यायचा, म्हणजे त्याला कळेल. दुसरा मोह तर सरळसरळ आत्मघातकी आहे. त्याची प्रतिक्रिया तुमच्या चाकापासून चार मीटरवर आहे आणि ती चुकली तर किंमत तुम्ही मोजणार.

उपाय उलटा वाटेल असा आहे. मागचा चिकटलाय म्हणून पुढचं अंतर वाढवा. ॲक्सिलरेटर किंचित सोडा, एकदम नाही. पुढे मोकळी जागा असेल तर काही झालं तरी तुम्हाला हळूहळू थांबता येईल, आणि तुम्ही हळूहळू थांबलात तरच मागच्याला थांबायला वेळ मिळेल. थोडक्यात, त्याने न ठेवलेलं अंतर तुम्ही पुढे ठेवायचं. ब्रेकला नुसता स्पर्श करून मागचा लाल दिवा दोनदा लुकलुकवा. मग आरसा, मान वळवून एकदा डावीकडे नजर, इंडिकेटर, आणि जागा दिसली की डावीकडे. जागा नसेल तर सरळ एकाच वेगाने चालत राहा, घाबरून फटीत शिरू नका.

यात किती वेळ जातो? ६० चा वेग दहा सेकंद ५० वर आणला तर तुम्ही २८ मीटर मागे पडता. वेळेत सांगायचं तर दोन सेकंदही नाहीत. पुढच्या सिग्नलला तो तुमच्या शेजारीच उभा असतो, हा अनुभव सगळ्यांचा आहे. त्या वेळी त्याच्याकडे बघून हसायचा मोहही टाळावा. मी टाळू शकलेलो नाही, पण टाळावा.

कट मारणाऱ्यांच्या बाबतीत एक सवय उपयोगी पडते. शेजारच्या गाडीचा इंडिकेटर बघत बसू नका, आपल्याकडे तो शोभेला असतो. तिचं पुढचं चाक बघा. गाडीचं बॉडी वळलेलं कळायच्या आधी चाक वळलेलं कळतं. आणि कुठल्याही चारचाकीच्या मागच्या दाराच्या रेषेत समांतर चालत राहू नका. आरशातून न दिसणारी जागा तीच. एक तर पुढे जा, नाही तर मागे राहा.

बस, डंपर आणि समोरून येणारे

मोठ्या वाहनांशी वाद घालायचा प्रश्नच येत नाही, तरी सिग्नलला त्यांच्या डावीकडच्या फटीत आपण सगळे शिरतो. ती फट फसवी आहे. लांब वाहन डावीकडे वळतं तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतल्या बाजूने कापत येतात. वळण सुरू होताना मोकळी दिसणारी जागा वळण संपेपर्यंत उरलेलीच नसते. चालक तुमच्यावर चिडलेलाही नसतो, त्याला तुम्ही तिथे आहात हेच माहीत नसतं. नियम सोपा : त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

घाटातला आणि दुपदरी रस्त्यावरचा धोका वेगळा. ताम्हिणीत किंवा वरंध्यात समोरून एखादी गाडी दुसरीला ओव्हरटेक करत थेट तुमच्या बाजूने येते, हेडलाइट मारते आणि तुम्ही बाजूला व्हाल असं गृहीत धरते. इथे ‘माझी लेन आहे’ हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आणि पूर्ण निरुपयोगी. फक्त बाजूला कसं व्हायचं ते महत्त्वाचं. डांबर आणि साइडपट्टी यांच्यात अनेक ठिकाणी चार-सहा इंचांचा उतार आणि खडी असते. वेगात तिरकं खाली उतरलात की पुढचं चाक जातं. म्हणून ब्रेक डांबरावर असतानाच, गाडी सरळ असताना मारायचा, वेग पाडायचा, आणि डांबराची डावी कड धरायची. खाली उतरणं शेवटचा पर्याय. वळणावर आंधळेपणाने मधल्या रेषेजवळ न राहता डावीकडे राहिलात तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.

चूक त्याची, मग माघार मी का घ्यायची?

हा प्रश्न मला माझ्या बहिणीनेच विचारला, प्लॅस्टर असताना. ‘तू चुकलास ते चुकलासच. पण तो? तो रोज असाच जात असेल.’ तिचं म्हणणं खरं आहे. दुचाकीस्वाराला सावधगिरीचे धडे देणं म्हणजे ज्याच्याकडे कमी ताकद आहे त्याच्यावरच सगळी जबाबदारी टाकणं. आपल्याकडे मोटारसायकलच्या परवान्यासाठी आठच्या आकड्यात गाडी फिरवून दाखवावी लागते, शिकाऊ परवान्याची परीक्षा तर आता घरबसल्या देता येते. चालकाला राग आल्यावर काय करायचं, दुचाकी किती अंतरावर आहे हे कसं ओळखायचं, याची परीक्षा कुणाचीच होत नाही. रस्त्यावर पोलिस दिसतो तो चौकात, हेल्मेट आणि कागदपत्रं बघत. लेन कापत जाणाऱ्याला पकडणारं बायपासवर सहसा कुणी नसतं.

आणि कितीही सावध असलात तरी काही वेळा काहीच हातात नसतं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. त्यांनी काय करायला हवं होतं, असं विचारणंसुद्धा क्रूर आहे. तिथे प्रश्न फक्त व्यवस्थेचा आहे, आणि तो विचारत राहायलाच हवा.

तरीही माझं मत ठाम आहे. रस्त्यावर त्या क्षणी ‘अद्दल’ घडवणं हे दुचाकीस्वाराचं काम नाही. ते नैतिकदृष्ट्या चूक आहे म्हणून मी असं म्हणत नाही. त्यासाठी लागणारं एकही साधन आपल्याकडे नाही म्हणून म्हणतोय. आपण काच ठोकून, आरसा मोडून, शिव्या देऊन कुणी सुधारलेला मला तरी माहीत नाही. माझा एसयूव्हीवाला त्या रात्री घरी गेला असेल आणि ‘एक बाइकवाला अंगावर आला’ एवढंच त्याने सांगितलं असेल.

डेस्कवरच्या एका सहकारी मैत्रिणीला हा लेख दाखवला तेव्हा तिने वेगळंच सांगितलं. ‘तुम्हा मुलांना सोडून द्यायला शिकावं लागतं. आम्हाला स्कूटीवर पहिल्या दिवसापासून तेच करावं लागतं.’ तिला कट मारणारे नुसते घाईत नसतात. काही जण वेग कमी करून शेजारी येतात, काही मागे राहून घरापर्यंत येतात. तिच्यासाठी सोडून देण्याचा प्रश्न अहंकाराचा नाही, आणि पुढचा भाग मुख्यतः तिच्या सूचनांवरून लिहिलाय.

कुणी पाठलागच केला तर?

घरी जाऊ नका. पत्ता दाखवला जातो. आडरस्ता, सोसायटीची गल्ली, अंधारा सर्व्हिस रोड टाळा. पेट्रोल पंप, चालू हॉटेल, हॉस्पिटलचं गेट, पोलिस चौकी, जिथे दिवे, माणसं आणि बहुतेक वेळा सीसीटीव्ही असतात तिथे गाडी न्या. थांबल्यावर हेल्मेट काढू नका, किल्ली गाडीला ठेवून उतरू नका. ११२ ला फोन लावा आणि ठिकाण आधी सांगा, गोष्ट नंतर. समोरचा उतरून आला तर ‘चूक झाली’ म्हणून विषय संपत असेल तर म्हणून टाका. त्याची नोंद कुठेही होत नाही. सिग्नलला उभं राहतानाही पुढच्या वाहनाला अगदी खेटून थांबू नका, बाजूला निघता येईल एवढी जागा राहू द्या. मागचं वाहन थांबेपर्यंत गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि एक डोळा आरशात.

कायदा काय देतो?

‘रोड रेज’ असा स्वतंत्र गुन्हा आपल्या कायद्यात नाही. पण कलमं आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंग येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून चालवणं, चुकीच्या पद्धतीने ओव्हरटेक करणं, उलट दिशेने येणं हे सगळं त्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. बेदरकार वाहन चालवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहे (जुन्या दंड संहितेत २७९ होतं), दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्यासाठी १२५, धमकीसाठी ३५१. तुम्हाला कुणी ओव्हरटेक करत असताना तुम्ही वेग वाढवून अडवणं हेही नियमात बसत नाही, हे आपण विसरतो.

न्यायाची गती मात्र रस्त्यावरच्या रागाच्या गतीशी जुळत नाही. पतियाळात २७ डिसेंबर १९८८ ला वाट देण्यावरून झालेल्या मारहाणीत ६५ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला. आरोपी होते क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू. सत्र न्यायालयात निर्दोष, उच्च न्यायालयात दोषी, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून एक हजार रुपये दंड आणि अखेर फेरविचारानंतर १९ मे २०२२ ला एक वर्षाची सक्तमजुरी. तेहतीस वर्षं आणि काही महिने.

तुमच्या हातात काय आहे? पुरावा. कॅमेऱ्याचा व्हिडिओ असेल तर मूळ फाइल मोबाइलमध्ये न कापता, न फिरवता जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, पूर्वी हेच ६५-ब होतं. व्हॉट्सॲपवर दहा ग्रुपांतून फिरून आलेली क्लिप तिथे कमकुवत ठरते. व्हिडिओ नसेल तर नंबर, वेळ आणि जागा, या तीन गोष्टी गाडी बाजूला थांबवून लगेच लिहा. नंबर मिळाला म्हणून मालकाचं घर शोधायला स्वतः निघू नका. आणि तुम्ही पाठलाग केला असेल, तर अपघात न्यायाधिकरणापुढे भरपाई मागताना तुमचाही निष्काळजीपणा मोजला जातो आणि तेवढ्या प्रमाणात रक्कम कापली जाते. म्हणजे राग काढल्याची किंमत अगदी रुपयांतही निघते.

माझ्या प्रकरणात पुढे काहीच झालं नाही. हवालदारांनी नोंद घेतली, आजूबाजूच्या कॅमेऱ्यांत बघू म्हणाले, अंधार आणि गर्दीत काही सापडलं नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तीन किलोमीटर मागे असलेल्या माणसाने जे वाचलं नाही, ते कॅमेऱ्याने वाचावं अशी अपेक्षा तरी कशी करायची?

बहीण वर्षभर माझ्या गाडीवर बसली नाही. कारण विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. आता पुन्हा बसते, हेल्मेट घालून. परवा सिंहगड रस्त्यावर एका कारने तसाच कट मारला. माझा हात ॲक्सिलरेटरवर घट्ट झाल्याचं तिला मागून कळलं असावं. ती काही बोलली नाही. फक्त त्या गाडीचा नंबर शांतपणे, एक-एक आकडा सुटा करत, मोठ्याने वाचू लागली. तिचा वाचून होईपर्यंत कार बरीच पुढे निघून गेली होती.